न्हाणीघराच्या भिंतीतील चार भोके

गेल्या दोन अंकांत आम्ही पावसाळ्यापूर्वी करावयाच्या कौलांच्या डागडुजीविषयी लिहिले होते. आजचा विषय त्याहून पुष्कळच लहान, किंबहुना करंगळीच्या पेराएवढा आहे. परंतु त्याच्यापायी आमच्या घरी एका वृद्ध माणसाचे हाड मोडता मोडता वाचले आणि निजावयाच्या खोलीची एक भिंत खराब झाली. सबब तो थोडा विस्ताराने मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

आपल्या खेड्यांतील न्हाणीघराचे रूप आता पार पालटले आहे. एके काळी मागील दारी दगडी चौथरा, शेजारी चुलाणे आणि त्यावर तांब्याचा हंडा, एवढ्यावर न्हाणीघर पुरे होई. भिंत ओलावली तर सणाच्या आधी चुन्याचा एक हात फिरवला की भागत असे. आता मोरबीहून आलेल्या गुळगुळीत टाइल्स घरोघरी भिंतीवर छातीपर्यंत, कोठे कोठे छतापर्यंत चढल्या आहेत. त्यांवर टॉवेलची दांडी, साबणदाणी, आरसा, गीझर अशा नाना वस्तू टांगलेल्या असतात. त्यांतील एखादी मोडते, गंजते किंवा नकोशी होते आणि आपण ती काढून टाकतो. मागे उरलेल्या भोकांचा विचार मात्र कोणी करीत नाही. आम्हीही केला नव्हता.

सन २०२३ च्या जून महिन्यातली गोष्ट. आमच्या मातोश्री तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या होत्या. स्नान आटोपून पाटावरून उठताना समोरच्या टॉवेलच्या दांडीचा आधार घेण्याची त्यांना सवय जडली होती. दांडी बसविली होती दोन ओल्या टॉवेलांचा भार पेलण्यासाठी. तिच्यावर रोज सकाळी एका माणसाचा भार पडत आहे हे घरात कोणाच्याच ध्यानी आले नाही. एके दिवशी ती एका बाजूने स्क्रू आणि लाकडी गिट्टीसकट हातात आली. सुदैवाने मातोश्री पुन्हा पाटावरच बसल्या व कोपरास खरचटण्यावर निभावले. दांडी आम्ही त्याच दिवशी काढून टाकली आणि भिंतीत चार भोके उरली.

गवंडीदादा आले. "मालक, पांढरं सिमेंट भरतो. पाच मिनिटांचं काम," असे म्हणाले आणि खरोखरच पाच मिनिटांत काम उरकून चहा घेऊन गेले. भोके दिसेनाशी झाली व आम्हीही ती विसरलो. सप्टेंबरात त्या भिंतीच्या पाठीमागे, मातोश्रींच्या खाटेच्या उशाशी, रंगाला फोड आले, गिलाव्याला पांढरा लोणा फुटला आणि खोलीला कुबट वास येऊ लागला. आम्ही छपरावर चढलो, कौले पाहिली, नळ तपासले. दोष कोठेच सापडेना. शेवटी न्हाणीघराच्या टाइल्सवर किल्लीच्या टोकाने हळूहळू ठोकून पाहिले तेव्हा दांडीच्या जागेखालच्या दोन टाइल्स पोकळ वाजल्या, आणि त्या पांढऱ्या ठिपक्यांभोवती केसाएवढी बारीक फट दिसली.

असे का व्हावे? टाइल पाण्याला अभेद्य असते असा आपला समज असतो. तो तिच्या वरच्या काचेसारख्या थरापुरताच खरा आहे. भिंतीसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या बहुतेक टाइल्सचा आतला भाग भाजलेल्या मातीचा व सच्छिद्र असतो. तो आपल्या वजनाच्या दहा टक्क्यांहूनही अधिक पाणी शोषू शकतो. भोक पाडले की ही तहानलेली माती उघडी पडते. तीत पांढऱ्या सिमेंटचा लगदा कोरडाच भरला तर टाइल त्यातले पाणी ओढून घेते, सिमेंट पुरते पिकत नाही, आक्रसते आणि कडेने सुटते. फट एवढीशीच असली तरी रोज दोन बादल्या पाणी तिच्यावर उडत असते. त्यातून आमच्या भिंती जांभ्या दगडाच्या. हा दगड पाणी कसे पितो हे आपल्या भागात कोणास सांगावयास नको. शिवाय गवंडीदादांनी उरलेल्या तीन गिट्ट्या आतच ठेवून वरून सिमेंट थापले होते. लाकूड भिजले की फुगते, वाळले की आकसते. या हालचालीने वरचा थर तग धरीत नाही. दांडी तरी दुसऱ्या कशामुळे निसटली असणार? आम्ही उकरून काढलेली एक गिट्टी भिजलेल्या सुपारीसारखी नखाने कुसकरत होती.

लाकडी गिट्टीची ही खोड जुनीच आहे. जर्मनीच्या आर्टुर फिशर यांनी १९५८ साली नायलॉनची पसरणारी खुंटी काढली, तेव्हापासून ओल्या जागी लाकूड ठोकण्याचे काही कारण उरलेले नाही. तरीही आमच्याकडे अजून सुताराच्या पेटीतल्या ढलप्याच भिंतीत जातात.

आता मुख्य कामाकडे वळू. हे काम घरच्या माणसाने शांतपणे केले तर भाड्याच्या माणसापेक्षा बहुधा चांगलेच होते. कारण यात कौशल्य थोडे आणि वाट पाहणे फार आहे, व वाट पाहण्याची मजुरी कोणी देत नाही.

प्रथम जवळपास गीझर, दिवा वा स्विच असेल तर मुख्य बटण बंद करावे. भिंतीच्या आत तार कोठून गेली आहे हे टाइलवरून दिसत नाही. नंतर जुनी खुंटी काढावी. प्लॅस्टिकची असेल तर तिच्यात स्क्रू अर्धा फिरवून स्क्रूचे डोके पकडीने धरावे व सरळ बाहेर ओढावे. खालीवर हलवू नये, हातोडा तर मुळीच घेऊ नये. टाइलची कड उडाली की लहान भोकाचे मोठे होते. खुंटी येतच नसेल तर तिचा बाहेरचा ओठ धारदार पात्याने कापून ती बोटाच्या अर्ध्या पेराएवढी आत ढकलावी. लाकडी गिट्टी मात्र बारीक गिरमिटाने पोखरून, तुकड्या-तुकड्यांनी का होईना, पूर्ण काढावी.

याच वेळी टाइल ठोकून पाहावी. भोकापासून तडा निघाला असेल किंवा टाइल पोकळ वाजत असेल तर भोक भरण्यात अर्थ नाही, ती टाइलच बदलावी लागते. आमच्या दोन गेल्या. त्या रंगाच्या टाइल्स आता दुकानात मिळेनात. खोक्यावर छटेचा क्रमांक असतो आणि तोच क्रमांक जुळला नाही तर पांढऱ्यात पांढरेही वेगळे दिसते, हे आम्हांस तेव्हा कळले. घर बांधताना उरलेल्या पाच-सहा टाइल्स माळ्यावर जपून ठेवणारी गृहिणी शहाणी म्हणावी. आमच्या घरी त्या कोंबड्यांच्या खुराड्याला लागल्या होत्या. तेथूनच दोन काढून, घासून, परत आणल्या.

मग सफाई. भोकाच्या कडेला साबणाचा चिकट थर असतो. तो धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने व जुन्या दात घासण्याच्या ब्रशाने काढावा. आतली भुकटी सायकलच्या पंपाने फुंकून टाकावी. तोंडाने फुंकू नये, ती डोळ्यांत जाते. यानंतरची पायरी सर्वांत कंटाळवाणी व सर्वांत महत्त्वाची आहे, ती म्हणजे वाळविणे. निदान दोन-तीन दिवस त्या भिंतीवर पाणी पडू देऊ नये. आम्ही चार दिवस मागील दारी आंघोळी केल्या. मुलांना त्याची मौज वाटली, मोठ्यांनी कुरकुर केली. पण ओल्या मातीला एपॉक्सी नीट धरत नाही, याला इलाज नाही.

भरण्यासाठी काय वापरावे? प्लास्टर ऑफ पॅरिस किंवा भिंतीची साधी पुट्टी न्हाणीघरात चालत नाही. ओलीत ती मऊ पडते. सिलिकॉनची नळी पाणी अडविते खरी, परंतु तिचा डाग रबरासारखा दिसतो, त्यावर रंग बसत नाही आणि पुढे बुरशी धरते. पांढरे सिमेंट घाईने भरल्याचे फळ वर सांगितलेच आहे. आमच्या मते दोन भागांचे, मळून लावावयाचे एपॉक्सी हेच येथे खरे. एम-सील या नावाने ते खेड्यातल्या हार्डवेअरच्या दुकानातही मिळते. दोन्ही भाग सारखे घेऊन, रंग एकजीव होईतो, कणीक तिंबावी तसे मळावे. पट्टे दिसत राहिले तर तेवढा भाग कधीच घट्ट होत नाही. हातांत मोजे घालावे, कारण कच्च्या एपॉक्सीने कित्येकांच्या कातडीला खाज सुटते. आणि मुलांना दूर ठेवावे, त्यांना तो गोळा खेळण्याचा वाटतो.

भोक खोल असेल तर एकदम ठासून भरू नये. आतला भाग आधी भरून काडीच्या बोथट टोकाने दाबावा, म्हणजे मागे हवा कोंडत नाही. पृष्ठभागापासून एक-दोन मिलिमीटर खाली थांबून तो थर कडक होऊ द्यावा. मळलेले एपॉक्सी बहुधा राखाडी दिसते; म्हणून वरचा थर टाइलच्या रंगाचा द्यावा लागतो. त्यासाठी रंगीत एपॉक्सी ग्राउट मिळते. ते न मिळाल्यास दोन नळ्यांतून येणाऱ्या एपॉक्सी गोंदात पांढऱ्या सिमेंटची पूड व रंगाची चिमूटभर भुकटी कालवावी. संगमरवराचे कारागीर दगडातल्या चिरा अशाच रंगीत राळेने बुजवितात. छटा दिवसाच्या उजेडात जुळवावी. रात्री दिव्याखाली जुळविलेली आमची पहिली छटा सकाळी कावीळ झाल्यासारखी दिसली!

भोकाभोवती कागदी चिकटपट्टी लावून मगच हा थर द्यावा, आणि तो किंचित फुगीर ठेवावा. पुरता कडक होण्यापूर्वी, म्हणजे नख रुतते परंतु चिकटत नाही अशा अवस्थेत, दाढीचे पाते जवळजवळ आडवे धरून फुगवटा तासून काढावा. खरकागद घासू नये. भोक सपाट होईल, परंतु भोवतालच्या टाइलची चकाकी कायमची जाईल. नंतर पूर्ण एक दिवस पाणी नको.

राहिला प्रश्न मातोश्रींच्या आधाराचा. भोके बुजवून आम्ही थांबलो असतो तर त्यांनी उद्या नळाला धरले असते. म्हणून चारांपैकी वरची दोनच भोके बुजविली. खालच्या दोहोंच्या जागी स्टेनलेस स्टीलच्या जाड नळीचा आधारदांडा बसविला. जांभा मऊ व भोकसाळ असल्याने आखूड खुंट्या कामाच्या नव्हत्या. भोके खोल केली आणि रासायनिक राळेत बोल्ट रोवले. टाइल फोडताना गिरमिटाचा ठोके मारणारा खटका बंद ठेविला, टाइलपार गेल्यावर चालू केला. दांड्याच्या तबकड्यांखाली व बोल्टभोवती सिलिकॉन भरले. तेथे ते शोभते, कारण दिसत नाही. रबरी पेल्यांनी चिकटणारे दांडे बाजारात स्वस्त मिळतात. ते कधी सुटतील याचा भरवसा नाही, म्हणून ते वृद्धांसाठी आणू नयेत असे आमचे स्पष्ट मत आहे.

दांडा बसल्यावर आमच्या धाकट्या बंधूंनी, जे देहाने बरेच भरलेले आहेत, त्याला लोंबकळून परीक्षा घेतली. मातोश्री दारातून पाहत होत्या. "अरे, तू लोंबकळलास म्हणजे झालं, मी तर फक्त धरणार," असे म्हणून त्या आत गेल्या. बुजविलेल्या दोन भोकांपैकी डावे अजून ओळखू येते. छटा किंचित पिवळसर आहे. खिडकीतले ऊन तेथे येते आणि उन्हाने एपॉक्सी पिवळे पडते, हे आम्हांस मागाहून कळले. निजावयाच्या खोलीची भिंत वाळण्यास एक संपूर्ण उन्हाळा लागला. लोणा कोरड्या ब्रशाने दोनदा झाडून, सुटा गिलावा काढून, २०२४ च्या मे महिन्यात तिला नवा हात दिला.