जुनी मोटार, नवा नंबर

जुन्या मोटारीची किंमत केवळ रंगात वा इंजिनात नसते. ती तिच्या पूर्वेतिहासात असते, असे मला वाटते. मूळ नंबर हा त्या इतिहासाचा पहिला साक्षीदार. आपले नागपूर १९५६ पर्यंत मध्यप्रदेशाची राजधानी होते, मग मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात आले. त्या काळची नंबरप्लेट हे सारे सांगते. ‘एमएच ३१’ ते कसे सांगणार?

पन्नास वर्षांवरील व्हिंटेज गाड्यांना मूळ नंबर राखण्याची मुभा २०२१ च्या केंद्रीय नियमांनी दिली, हे योग्यच झाले. परंतु नव्याने नोंदणी करावी लागली, तर वीस हजार रुपये भरून ‘व्हीए’ मालिकेतला नवा नंबर घ्यावा लागतो. गाडी तीच, चासी तीच. तरी गिऱ्हाईक साशंक होते आणि भाव उतरतो. गिऱ्हाइकाला तरी दोष कसा द्यावा? नंबर बदलून चोरीच्या गाड्या खपविणारेही आहेतच.

म्हणून जुना नंबर पुराव्याने सिद्ध होत असेल, तर तो नव्या नोंदणीपत्रावर अवश्य नमूद व्हावा. माणसाने नाव बदलले, तर राजपत्रात जुने नावही छापतात. मग मोटारीलाच ही सोय का नसावी?