चणे आहेत, पण दात?

'चणे आहेत तर दात नाहीत' ही म्हण आपल्याकडे दैवास बोल लावण्याकरिता वापरतात. परंतु लग्नसराईत चिकलठाण्याकडून जालना मार्गाने ज्या वराती निघतात, त्यांच्या अग्रभागी चालणाऱ्या घोड्यांकडे पाहिले असता ही म्हण काही घोड्यांच्या बाबतीत अक्षरशः खरी ठरते. झूल भरजरी, गळ्यात गोंडे, पायांत घुंगरू; आणि झुलीखाली सहज मोजता येतील अशा बरगड्या! मालकास विचारावे तर तो म्हणतो, 'दाणा भरपूर घालतो, पण अंगी लागत नाही.' हे उत्तर नेहमीच खोटे असते असे नाही. दाणा खरोखरच घातलेला असतो. तो अंगी का लागत नाही, याचा शोध मात्र कोणी करीत नाही. आमचे म्हणणे एवढेच की, जंत, नजर व नशीब यांच्याकडे बोट दाखविण्यापूर्वी घोड्याच्या तोंडात एकदा पाहावे.

घोड्याच्या तोंडात पाहणे ही आपल्या लोकांस नवी गोष्ट नव्हे. सारंगखेड्यास दत्तजयंतीच्या यात्रेत किंवा माळेगावास खंडोबाच्या यात्रेत सौदा ठरण्यापूर्वी गिऱ्हाईक घोड्याचा ओठ वर करून दातांवरून त्याचे वय अजमावतेच. पण सौदा झाला म्हणजे जे तोंड मिटते, ते पुन्हा पुढच्या विक्रीच्याच दिवशी उघडते. महिना-दीड महिन्याने नालबंदास बोलाविणारा मालक दातांसाठी दहा वर्षांत कोणास बोलावीत नाही. शिवाय बाजारात पाहिले जातात ते पुढचे दात. चारा दळण्याचे खरे काम ज्या दाढा करतात, त्या आत खोल असतात, आणि तेथेच सारे दुखणे असते.

हे दुखणे कसे उद्भवते ते समजून घेणे अवघड नाही. माणसाचे दात एकदा आले की वाढत नाहीत. घोड्याची दाढ लांबट असून तिचा बराच भाग जबड्यात दडलेला असतो. घासून जितकी झिजते तितकी, म्हणजे वर्षास सुमारे २ ते ३ मिलिमीटर, ती आतून वर सरकते. आता घोड्याचा वरचा जबडा खालच्याहून रुंद असल्यामुळे दाढांची झीज सर्वत्र सारखी होत नाही. वरच्या दाढांची गालाकडील व खालच्या दाढांची जिभेकडील कड न झिजता राहते आणि हळूहळू तिला धार चढते. मग प्रत्येक घासागणिक गाल व जीभ सोलली जाते. जनावर अर्धवट चावलेल्या चाऱ्याचे बोळे तोंडातून टाकू लागते, मान वाकडी करून खाते, तोंडास दुर्गंधी येते, लिदीत अख्खे दाणे व लांब काड्या दिसतात. ही लक्षणे ओळखण्यास पदवी लागत नाही. रोज लीद काढणाऱ्या मोतद्दाराचे डोळे पुरेत.

दाढेचे दुखणे तोंडापुरते राहिले असते तर आम्ही अग्रलेखाची जागा त्यास दिली नसती. आमच्या शेतकऱ्याचा बैल घाईने गिळलेला चारा निवांत बसून रवंथ करतो. त्यास चावण्याची दुसरी संधी असते. घोडा रवंथ करीत नाही. त्याने एकदा गिळले ते गिळले. लाळही त्यास चावतानाच सुटते. नीट न चावलेला कोरडा घास घशात अडकण्याचे, भरड चारा आतड्यात तुंबून पोटशूळ उठण्याचे भय असते. आणि घोड्यास ओकताही येत नाही. म्हणजे ज्या व्याधीचा आरंभ दाढेच्या एका धारेपासून झाला, तिचा शेवट प्राणावर बेतू शकतो. व्यापारी वाचकांस आम्ही विचारतो: फाटक्या पोत्यात धान्य भरणाऱ्यास तुम्ही काय म्हणाल? दुखऱ्या तोंडापुढे महाग हरभरा ओतणारा मालक निराळे काय करतो?

यातच लगामाची भर पडते. मिरवणुकीत घोडा नाचावा, दबून राहावा म्हणून काटेरी कडी तोंडात घालण्याची दुष्ट चाल अद्याप आहे. आत धारदार दाढ, बाहेरून काटा. मध्ये जीभ व गाल! घोडा मान झटकतो, तेव्हा प्रेक्षक म्हणतात, काय ऐट आहे! ती ऐट नसून वेदना असते. ओझ्याच्या व ओढीच्या जनावरांविषयीच्या १९६५ च्या नियमांनी अशी कडी वापरण्यास स्पष्ट मनाई केली आहे. आणि १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याचे ३ रे कलम जनावराच्या स्वास्थ्याची जबाबदारी ते बाळगणाऱ्यावरच टाकते. याच जालना मार्गावर उच्च न्यायालयाचे खंडपीठ आहे, आणि त्याच्या दारावरून कायदा मोडणारी कडी वाजतगाजत जावी, हे आम्हां कायदा शिकलेल्यांस लज्जास्पद आहे.

कोणी म्हणेल, रानातल्या घोड्याचे दात कोण घासतो? उत्तर असे की, रानातला घोडा दिवसाचा बहुतेक वेळ खरबरीत गवत चरत असतो. आमचा घोडा खुंट्यास बांधलेला असून दाण्याच्या चंदीवर राहतो. दाणा थोडक्या वेळात व जबडा थोडाच फिरवून खाल्ला जातो, म्हणून झीज अधिकच बिघडते. रानातल्या घोड्याचे दात गेले म्हणजे तो मरतो. हा दाखला अनुकरणीय खास नव्हे. दुसरा आक्षेप खर्चाचा. प्रौढ घोड्याची वर्षातून एकदा, व दुधाचे दात पडून नवे येत असतात त्या पाच वर्षांच्या आतील घोड्याची सहा महिन्यांनी तपासणी पुरते. वाया जाणाऱ्या दाण्याची व बुडालेल्या लग्नतिथीची किंमत मांडली तर हा खर्च कोणता मोठा? मात्र कानस हाती घेतलेल्या कोणाही भोंदूपुढे घोडा उभा करू नये. जनावर गुंगीत ठेवून, जबडा उघडा धरणारे साधन लावून, धार तेवढीच घासावयाची असते. अति घासणेही घातकच. हे पशुवैद्याचेच काम आहे.

तेव्हा आमच्या सूचना तीन आहेत. जिल्ह्यातील पशुचिकित्सालयांतून या कामाची साधने ठेवावी. सारंगखेडा व माळेगाव येथील यात्रांत, जेथे घोडे आपण होऊन एकत्र येतात, तेथे परभणी व उदगीर येथील पशुवैद्यक महाविद्यालयांच्या साह्याने दंततपासणीचे तंबू उभारावे. आणि तिसरी, सर्वांत स्वस्त: वरातीसाठी घोडा ठरविणाऱ्या यजमानाने झुलीचा रंग विचारण्यापूर्वी तोंडातील कडी पाहावी, काटेरी असेल तर इसार देऊ नये. घोडेवाल्या बांधवांसही आम्ही स्नेहाने सांगतो की, २०१५ साली मुंबई उच्च न्यायालयाने तेथील व्हिक्टोरिया गाड्या बेकायदा ठरविल्या, हे विसरू नये. जो धंदा स्वतः सुधारत नाही, त्यास न्यायालय सुधारते. आणि न्यायालयाची सुधारणा पोटावर येते.

दात कोरून पोट भरत नाही हे माणसाचे झाले. घोड्याचे पोट मात्र दात पाहिल्यावाचून भरत नाही. आणि त्याचे भरले नाही तर मालकाचेही फार दिवस भरणार नाही.