साक्षीची वही

ओसरीवर वडील माणूस नुसतें बसलेलें असलें, तरी पोरांचीं भांडणें हातघाईवर येत नाहींत. पाहणाऱ्या डोळ्यांचें हें बळ ओळखून इस्रायलांतील कांहीं स्त्रियांनीं 2001 सालीं ‘माख्सोम वॉच’ ही संस्था काढली. हिब्रू भाषेंत ‘माख्सोम’ म्हणजे नाका. पश्चिम तीरावरील पॅलेस्टिनी लोकांस मजुरीस, शेतावर वा रुग्णालयांत जातांना इस्रायली सैन्याचे नाके ओलांडावे लागतात. रामल्ला व जेरुसलेम यांमधील कलंदिया नाक्यावर तर पहाटेच्या अंधारांतच रांगा लागत. या स्त्रिया, त्यांत कित्येक आजीच्या वयाच्या, अशा नाक्यांवर उभ्या राहून टिपून घेत: रांग किती वेळ खोळंबली, कोणास परत पाठविलें, सैनिक कसा बोलला. हीं टिपणें पुढें प्रसिद्ध होत.

सैनिकास आज्ञा करण्याचा अधिकार त्यांस नव्हता. शिवाय तो कोणी परका नव्हता. त्यांच्याच राष्ट्राचा, नातवाच्या वयाचा. त्यामुळें स्वकीयांचे अपशब्दही त्यांच्या वांट्यास आले. परक्याचे दोष मोजण्यास धैर्य लागत नाहीं. आपल्या मुलाचें वर्तन जसें दिसलें तसेंच लिहिणें आणि त्यांत पदरचें एक अक्षरही न घालणें, हें मात्र कठीण होय. वाचकहो, आपल्या घरांत तरी तें सोपें आहे काय?