खाटेवर होणारा इलाज

पहाटे कूस बदलली आणि घर गरगरलं. फळीवरचा डबा काढायला मान वर केली आणि भोवळ आली. अशा बाईला आपल्याकडे घरचे लगेच सांगतात, बीपी कमी झाला असेल, मणक्याचं असेल. मग सलाईन, गळ्याला पट्टा, चक्कर थांबवणाऱ्या गोळ्या आणि वर ‘पडून राहा’ हा सल्ला. गोळ्या महिनोन्‌महिने चालू राहतात. माझा आक्षेप त्यालाच आहे.

कूस बदलताना येणारी आणि मिनिटभरात थांबणारी चक्कर बहुतेकदा कानातून येते. आतल्या कानात तोल सांभाळणाऱ्या तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात. शेजारच्या पिशवीतले कॅल्शियमचे कण सुटून त्यांत शिरले की डोकं स्थिर असतानाही ते फिरतंय अशी खबर मेंदूला जाते. त्याची तपासणी डिक्स आणि हॉलपाईक यांनी १९५२ साली सांगून ठेवली आहे. रुग्णाची मान ४५ अंश वळवायची, झटकन आडवं करायचं, डोकं खाटेच्या कडेखाली थोडं लोंबतं ठेवायचं. काही सेकंदांत बुबुळं फडफडू लागतात. मग जॉन एपली यांच्या पद्धतीनं, टप्प्याटप्प्यावर अर्धा-एक मिनिट थांबत, डोकं दुसऱ्या कुशीकडे वळवत न्यायचं. कण पिशवीत परततात. अनेकांना एक-दोन बैठकांत आराम पडतो. मानेचं दुखणं असलेल्यांनी मात्र हे घरी करून पाहू नये.

बोबडी वळली, एकाचे दोन दिसले, हातपाय लुळे पडले किंवा उभंच राहवेना, तर तो पक्षाघात असू शकतो. तिथे क्षणाचाही उशीर नको.

चक्कर कणांमुळे नसून कानातली तोलाची नस सुजल्यामुळे असेल तर सुरुवातीचे दोन-तीन दिवस गोळ्या ठीक. पुढे मेंदूला नव्यानं तोल शिकावा लागतो, आणि डोकं हललं तरच तो शिकतो. अंगठ्यावर नजर रोखून मान हलवणं, मान वळवत चालणं, असे हे व्यायाम. कॉथॉर्न आणि कुक्सी यांनी ते १९४०च्या दशकात इंग्लंडमध्ये रुजवले. आरंभी गरगर वाढते आणि माणसं तिथेच सोडून देतात. ‘वाढणारच, थांबू नका’ असं सांगणारा फिजिओथेरपिस्ट त्याच वेळी जवळ हवा.

हे सगळं गावाजवळच मिळायला हवं. बुलढाण्यात २०२४ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. त्यानं जिल्ह्यातल्या प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरला कानाच्या चक्करेची ती तपासणी हाताला धरून शिकवावी. यंत्र लागत नाही, खाट पुरते. लोणारच्या किंवा संग्रामपूरच्या म्हातारीनं एवढ्यासाठी अकोला, संभाजीनगर गाठायची पाळी येऊ नये.