आधी कल्हई, मग नाव

‘सेकंडहँड’ या शब्दाला आपल्याकडे एक चमत्कारिक वास आहे. कोणी जुने घर विकत घेतले तर त्याला सेकंडहँड म्हणत नाहीत. आजीची पैठणी नातीकडे आली तर तो वारसा ठरतो. पण जुना लॅपटॉप वर्गात बाकावर ठेवला, की शेजारचा हळूच विचारतो, “सेकंडहँड का रे?” आणि ज्याचा तो असतो, तो बिचारा उगाच खुलासा करू लागतो, “सध्यापुरता घेतलाय, पुढे नवीन घेणार आहे.” हा खुलासा करण्याची पाळी आपल्यावर का यावी, हा आजच्या लेखाचा प्रश्न आहे.

हे जुने लॅपटॉप येतात कोठून? मोठ्या कंपन्या आपली यंत्रे काही वर्षांनी बदलतात. काढून टाकलेली यंत्रे घाऊक भावाने व्यापाऱ्यांकडे जातात आणि तेथून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, पुण्याच्या तपकीर गल्लीत, दिल्लीच्या नेहरू प्लेसमध्ये विकायला येतात. मार्च २०२० मध्ये शाळा-महाविद्यालये बंद पडली आणि शिक्षण पडद्यावर गेले, तेव्हा ज्या घरांत कधी संगणक शिरला नव्हता, अशा घरांतही एखादे जुने यंत्र आले. पुढे १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज १०’ची नेहमीची मोफत देखभाल थांबवली. त्यामुळे ज्यांवर ‘विंडोज ११’ चालत नाही, पण जी अंगाने धडधाकट आहेत, अशी कितीतरी यंत्रे मालकांना नकोशी झाली. लिनक्स घालून ती आजही निबंध टंकायला, पुस्तके वाचायला, व्याख्याने ऐकायला उत्तम चालतात. आपल्यापैकी अनेकांच्या दप्तरात असेच यंत्र आहे. ते ‘कमवा व शिका’तल्या पैशांतून आलेले असेल, नाहीतर वडिलांनी भिशी उचलून आणलेले असेल. त्याच्या झाकणावर कुठल्याशा कंपनीच्या मालमत्ता-क्रमांकाची चिठ्ठी असते, कडा खरचटलेल्या असतात आणि हात टेकण्याची जागा कुणा अनोळखी माणसाच्या मनगटांनी गुळगुळीत केलेली असते.

अशा यंत्राला रंग द्यावा, त्यावर विनाइलची फिल्म चढवावी, त्याचे रूप पालटावे, ही हौस अलीकडे आपल्या महाविद्यालयातही दिसू लागली आहे. वसतिगृहाच्या गच्चीवर वर्तमानपत्र अंथरून झाकणे रंगवली जातात. नंबरप्लेटवर अक्षरे कापून देणारे रेडियमवाले आता लॅपटॉपलाही ‘रेडियम’ मारून देतात. यावर दोन मते ऐकू येतात. काही प्राध्यापक म्हणतात, “वरून रंग फासून काय होणार? आत काय आहे ते पाहा.” विद्यार्थी म्हणतात, “आमची वस्तू, आमची मर्जी.” माझ्या मते दोन्ही बाजू अर्ध्याच बरोबर आहेत. आणि या वादाचे उत्तर आपल्या स्वयंपाकघरात फार पूर्वीच मिळालेले आहे.

आपल्या घरांत तांब्या-पितळेची भांडी पिढ्यान्‌पिढ्या वापरली गेली. त्यांच्यासाठी दोन संस्कार होते. पहिला कल्हईचा. कल्हईवाला दारात भट्टी पेटवी, भाता मारी, तापलेल्या भांड्यात नवसागराची पूड टाकून कथील फिरवी आणि भांडे आतून चांदीसारखे लख्ख होई. ही चकाकी शोभेची नव्हती. कल्हई उडालेल्या पितळेच्या भांड्यात ताक किंवा आमटी ठेवली तर ती कळकते, म्हणून कल्हई. दुसरा संस्कार नावाचा. भांड्याच्या दुकानात बसून टिंबाटिंबांनी नाव घालून घ्यायचे : मालकाचे नाव, तारीख, आणि भेट असेल तर ‘यांजकडून सप्रेम भेट’. या नावाने भांड्याची धारणाशक्ती वाढत नसे. पण पंगतीत शंभर वाट्या मिसळल्या तरी आपली वाटी आपल्याला सापडे. जुन्या भांड्याची कोणाला लाज वाटत नसे. उलट त्यावर पणजोबांचे नाव असले तर ते मुद्दाम दाखवले जाई. आतून कल्हई आणि बाहेरून नाव, असा हा क्रम आहे. प्राध्यापकांना कल्हई दिसते, विद्यार्थ्यांना नाव दिसते. वस्तू आपली व्हायला दोन्ही लागतात.

कोणी विचारील, लॅपटॉप जसा कंपनीने दिला तसाच वापरला तर काय बिघडले? बिघडत काहीच नाही. पण त्याचे रूपही कोणीतरी ठरवलेलेच असते, हे आपण विसरतो. १९९२ साली आयबीएमने ‘थिंकपॅड’ बाजारात आणला. त्याला रूप देणाऱ्यांत जर्मन अभिकल्पक रिचर्ड सॅपर प्रमुख होते आणि त्यांच्या डोळ्यांपुढे जपानी जेवणाचा काळा डबा होता. बंद असताना साधी काळी पेटी, उघडल्यावर कळफलकाच्या मधोमध एक लाल टिकली. पुढे १९९८ साली ॲपलने निळसर-हिरव्या रंगाचा ‘आयमॅक’ काढला आणि १९९९ मध्ये नारिंगी व निळ्या रंगांतला ‘आयबुक’. म्हणजे संगणक रंगीत असू शकतो, हे कंपन्यांना ठाऊक होते. त्यानंतर राखाडी आणि रुपेरी रंगाची लाट आली आणि तोच रंग ‘गंभीर’ ठरला.

झाकणावरच्या चिन्हाची कथा तर अधिक बोलकी आहे. ॲपलच्या सुरुवातीच्या लॅपटॉपांवर ते सफरचंद मालकाच्या बाजूने सरळ असे. यंत्र बंद करून समोर ठेवले की मालकाला ते नीट दिसे. परंतु झाकण उघडले की समोरच्या माणसाला ते उलटे दिसे. २००१ च्या सुमारास कंपनीने ते फिरवले. तेव्हापासून ते मालकाला उलटे आणि जगाला सरळ दिसते. झाकण ही मालकाच्या खर्चाने फिरणारी पाटी आहे, हे कंपनीने ओळखले होते. मग ज्याने पैसे मोजले, त्याने त्या पाटीवर आपल्याला हवे ते लिहिले तर त्यात उथळपणा कसला?

मात्र मित्रहो, रंगाला दोन हेतू असतात आणि ते वेगळे ओळखले पाहिजेत. एक हेतू ओळख देण्याचा, दुसरा लपवण्याचा. बाजारात काही विक्रेते झाकणाची चीर, बिजागरीपाशी फुटलेले प्लॅस्टिक चकचकीत फिल्मखाली दडवतात आणि यंत्र ‘नव्यासारखे’ म्हणून विकतात. तेव्हा विकत घेताना फिल्म काढून दाखवायला सांगावे, बिजागरी चार वेळा उघडझाप करून पाहावी, बॅटरी किती टिकते ते विचारावे आणि पावती घ्यावी. यात संकोच कसला? आपण कलिंगडही टिचकी मारून घेतो. लपवण्याचा दुसरा प्रकार आपलाच आहे. दुसऱ्याच कंपनीच्या जुन्या लॅपटॉपवर सफरचंद चिकटवायचे आणि लांबून तो महाग दिसेल अशी व्यवस्था करायची. हा रंग आपला नव्हे. ती उसनी श्रीमंती आहे. पहिल्या खरचट्याबरोबर ती उतरते आणि खुलासा करण्याची पाळी पुन्हा येतेच.

आता ज्यांना हे काम करायचे आहे त्यांच्यासाठी चार शब्द, कारण हौसेपायी यंत्राचा जीव जाऊ नये. आधी कल्हई : आतली धूळ काढणे, पंखा साफ करणे, बॅटरी फुगली असेल तर ताबडतोब बदलणे, जमल्यास जुन्या हार्डडिस्कच्या जागी एसएसडी बसवणे. एवढ्याने जुने यंत्र जेवढे ताजेतवाने होते, तेवढे कोणत्याही रंगाने होत नाही. पैसे एकाच गोष्टीपुरते असतील तर ते येथेच खर्च करावेत.

मग रंग. यंत्र बंद करून, बॅटरी काढता येत असेल तर ती काढून, हवा जाण्याच्या जाळ्या, कळफलक, पडदा आणि सगळी भोके चिकटपट्टीने झाकून घ्यावीत. जुना चिकटा काढायला नेलपॉलिश काढण्याचे ॲसिटोन वापरू नये. पुष्कळ लॅपटॉपांचे अंग ‘एबीएस’ प्लॅस्टिकचे असते आणि ॲसिटोन ते विरघळवते. आयसोप्रोपिल अल्कोहोलने, फडक्यावर थोडे घेऊन, काम भागते. बारीक पॉलिश पेपरने पृष्ठभाग हलका घासावा, प्लॅस्टिकला चालणारा प्रायमर द्यावा, आणि एक जाड हात देण्याऐवजी तीन-चार पातळ हात द्यावेत. हे सर्व उघड्या हवेत, नाकातोंडाला मास्क लावून करावे. भर पावसाळ्यात लॅकर मारू नये. दमट हवेत त्यावर पांढुरकी झाक येते. फिल्म चढवायची असेल तर ती केस वाळवण्याच्या यंत्राने किंचित ऊब देत कोपऱ्यांवर बसवावी. काढतानाही तीच ऊब उपयोगी पडते.

आणखी काही पथ्ये आहेत. वाय-फायचा अँटेना बहुधा पडद्याच्या चौकटीत असतो, म्हणून धातूचा चुरा असलेला रंग किंवा धातूची फिल्म झाकणभर लावू नये, संदेशलहरी अडतात. झाकण मिटल्याचे यंत्राला बऱ्याचदा चुंबकामुळे कळते, म्हणून चुंबकाची शोभेची वस्तू कडेला लावली तर यंत्र मध्येच झोपी जाते. पडदा आणि कळफलक यांच्यामध्ये जाड काही चिकटवू नये. कॅमेऱ्यावरच्या जाड झाकणीमुळे पडदा तडकू शकतो, असा इशारा ॲपलने २०२० साली आपल्या ग्राहकांना दिला होता. आणि तळाशी असलेली अनुक्रमांकाची चिठ्ठी कधीही रंगवू नये. यंत्र चोरीला गेले तर तक्रार तिच्याच आधारे करायची असते.

एक आक्षेप मात्र मला गंभीर वाटतो. विनाइल म्हणजे पीव्हीसी; स्प्रेचा रंगही पर्यावरणाला काही उपकारक नाही. मग जुनी वस्तू वापरून जे पुण्य मिळवले, ते रंगात घालवायचे का? याचे उत्तर हिशेबाने द्यावे लागेल. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ सालच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात सुमारे ६ कोटी २० लाख टन इलेक्ट्रॉनिक कचरा निर्माण झाला. त्यातला जेमतेम २२ टक्के रीतसर गोळा होऊन पुनर्वापरासाठी गेल्याची नोंद आहे. लॅपटॉपमुळे निसर्गावर पडणाऱ्या भाराचा मोठा वाटा तो वापरण्यात नसून तो घडवण्यात आहे. तेव्हा काही ग्रॅम फिल्ममुळे एखादा विद्यार्थी आपले यंत्र आणखी तीन वर्षे आनंदाने वापरणार असेल, तर तो सौदा फायद्याचा आहे. पण दर सणाला नवी फिल्म बदलणार असू, तर आक्षेप घेणारे खरे ठरतील. रंग एकदाच द्यावा, मन लावून द्यावा आणि त्याला जुने होऊ द्यावे.

मन लावून, हे मुद्दाम म्हटले. आपण कला शाखेचे विद्यार्थी. बाजारात छापील ‘वारली’ फिल्म मिळते. एकच नक्षी हजारो झाकणांवर. वारली चित्र मूळचे लग्नघरातल्या भिंतीवरचे. गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने सुवासिनी लग्नाचा चौक लिहीत. जिव्या सोमा मशे यांनी ते कागदावर आणले, जगभर नेले, आणि २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. भिंतीवरून कागदावर आलेले चित्र झाकणावर यायला हरकत नाही. पण ते काढणाऱ्या हाताची माहिती तरी आपल्याला हवी. नाहीतर आपली आपण रेघ ओढावी. प्रायमर दिलेल्या झाकणावर ॲक्रिलिक रंगांनी गावचा घाट काढा, आजीच्या गोधडीची टाके घातलेली नक्षी काढा, आवडत्या शब्दाची मोडी अक्षरे काढा. वरून पारदर्शक वॉर्निशचा हात द्या. ते ओबडधोबड झाले तरी चालेल. तसे दुसरे जगात नसेल.

शेवटी एक सूचना करतो. स्नेहसंमेलनात आपण रांगोळीचे प्रदर्शन भरवतो, पुष्परचना मांडतो. त्याच आठवड्यातला एक दिवस जुन्या लॅपटॉपांना द्यावा. सकाळी विज्ञान शाखेच्या मित्रांनी यंत्रे उघडून साफ करावीत, दुपारी आपण रंग घ्यावेत. आणि शेवटच्या वर्षाला असलेल्या ज्यांची परिस्थिती आहे, त्यांनी जाताना आपले यंत्र पहिल्या वर्षाच्या एखाद्या गरजू मुलाला किंवा मुलीला द्यावे. तळाशी, अनुक्रमांकाची चिठ्ठी सोडून, बारीक कुंचल्याने लिहावे : ‘यांजकडून सप्रेम भेट’, आणि साल. पुढच्याने त्याखाली आपले नाव घालावे. मग शेजारच्याने “सेकंडहँड का रे?” असे विचारले, तर यंत्र उलटे करून ती नावे त्याला वाचायला द्यावीत.