व्हायरस दबला, पण ताकद भरली का?

"सिस्टर, रिपोर्टमध्ये व्हायरस सापडला नाही. आता कशाची भीती?" वस्तीत हा प्रश्न मला नेहमी विचारतात. बातमी चांगलीच आहे. पण तपासण्या दोन असतात. व्हायरल लोड एचआयव्ही किती आहे ते सांगतो, तर सीडी-४ शरीराची लढण्याची ताकद दाखवतो. काहींचा व्हायरस दबतो, तरी सीडी-४ २०० च्या खालीच राहतो. अशांना टीबी, न्यूमोनिया, मेंदूज्वर गाठू शकतो.

म्हणून एआरटीच्या गोळ्या रोज घ्याच. सीडी-४ किती आहे ते विचारा. कोट्रायमॉक्साझोलची गोळी डॉक्टर सांगेपर्यंत सोडू नका. खोकला, ताप, रात्रीचा घाम किंवा वजनात घट, यांपैकी काहीही दिसले तर लगेच टीबी तपासा.

ताकद न भरण्याचे मोठे कारण म्हणजे उशिरा सुरू झालेले उपचार. २००४ पासून सरकारी एआरटी केंद्रात औषध मोफत आहे. २०१७ पासून तर सीडी-४ कितीही असला तरी उपचार लगेच सुरू होतात. मग बुलडाण्याच्या वस्त्यांत माणूस अंथरुणाला खिळल्यावरच तपासणीला का येतो? आपल्या कुजबुजीच्या भीतीने. बंधू-भगिनींनो, पिढ्यान्‌पिढ्या विटाळ सोसलेल्या आपण तरी कुणाचा पेला वेगळा ठेवू नये.

जय भीम!