शून्य म्हणजे रिकामं नव्हे!

‘या बायकांचं ब्लडप्रेशर शून्य आहे. मग त्या जिवंत आहेत का?’ मिनी प्रोजेक्टच्या व्हायवाला एक्स्टर्नल सरांनी हे विचारलं आणि आमच्या चौघांच्या ग्रुपची बोलतीच बंद झाली. स्क्रीनवर ॲक्युरसीचा आकडा झळकत होता, रिपोर्टला स्पायरल बाइंडिंगही झालं होतं. फक्त डेटा तेवढा आमच्यापैकी एकानेही नीट उघडून पाहिला नव्हता.

डेटासेट तोच, जो दर वर्षी कुठला ना कुठला ग्रुप घेतोच. पिमा इंडियन्स डायबेटिस. यातले ‘इंडियन्स’ म्हणजे आपण नव्हे; पिमा ही अमेरिकेतल्या ॲरिझोनामधली आदिवासी जमात. एकूण 768 स्त्रियांच्या नोंदी. त्यातल्या 35 जणींच्या ब्लडप्रेशरपुढे 0, 11 जणींच्या बीएमआयपुढे 0 आणि इन्सुलिनच्या रकान्यात तर तब्बल 374 शून्यं! म्हणजे या जणींचं मोजमाप नोंदलेलंच नाही. पण रिकाम्या जागी 0 आहे आणि कम्प्युटर बिचारा त्यालाच खरा आकडा समजतो. ही शून्यं धरली तर इन्सुलिनची सरासरी येते 80 च्या आसपास. वगळली तर साधारण 155. जवळपास दुप्पट!

खरं तर हा फरक आपल्याला चांगला कळतो. पेपर कोरा दिला तर 0 मिळतो, पेपरलाच गेलो नाही तर मार्कशीटवर ‘एबी’ येतं. नापास दोन्हीकडे, पण अर्थ वेगळा. प्रोग्रामिंगच्या भाषांनीही या ‘एबी’ची सोय केलीय. एसक्यूएलमध्ये ‘नल’, आरमध्ये ‘एनए’, पायथॉनच्या पांडाजमध्ये बहुतेक वेळा ‘नॅन’.

गंमत आहे ती यांच्या स्वभावात. समजा, तिघांपैकी दोघांना 60 आणि 80 मार्क आहेत, तिसऱ्याचे माहीतच नाहीत. सरासरी किती? पांडाज आणि एसक्यूएल तिसऱ्याला गुपचूप वगळून 70 सांगतात. त्याच्या जागी 0 भरला तर 46.67. आर मात्र हट्टी. उत्तर देतं, ‘एनए’. एकाचे मार्क माहीत नाहीत, तर तिघांची सरासरी सांगू कशी? वगळायचाय ना, मग ‘एनए डॉट आरएम इक्वल टू ट्रू’ असं स्वतःच्या हाताने लिही.

सेकंड इयरला मला या हट्टाचा जाम राग यायचा. आता वाटतं, आरचंच बरोबर आहे. रिकाम्या नोंदी वगळणं ही चूक नाही, कधीकधी दुसरा इलाजच नसतो. पण आपण काय वगळलं हे आपल्यालाच माहीत नसणं, ही नक्कीच चूक आहे. कारण जागा रिकामी राहण्यामागे बऱ्याचदा काहीतरी कारण असतं. हॉस्टेलच्या मेसचा सर्व्हे घेतला आणि जेवणाला वैतागून मेस सोडलेल्यांनी फॉर्मच भरला नाही, तर सरासरीत मेस ‘उत्तम’ ठरणारच की!

म्हणून पुढच्या वेळी ‘फिल एनए’ मध्ये 0 किंवा सरासरी टाकून मोकळं होण्याआधी दोन मिनिटं थांबा. किती जागा रिकाम्या आहेत ते मोजा. त्या का रिकाम्या असतील, याचा विचार करा आणि त्यांचं तुम्ही काय केलंत, ते रिपोर्टमध्ये लिहा. कदाचित ॲक्युरसी थोडी घसरेल. घसरू दे. उद्या हेच काम आपण एखाद्या हॉस्पिटलसाठी करू, तेव्हा त्या रकान्यात खरे पेशंट असतील.

आम्ही प्रोजेक्ट पुन्हा केला. त्या 374 जणींचं इन्सुलिन किती होतं, हे आम्हाला आजही माहीत नाही. फक्त आता रिपोर्टमध्ये तसं स्पष्ट लिहिलंय.